भिंतीवरची तुलारामची बांधी

बोनसची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली, तेव्हा सगळं गाव ती पाहायला गेलं आणि काहीही न समजता घरी परत आलं.

यादीत लपवलेलं काहीच नव्हतं. धान पिकवणाऱ्यांना सरकार हेक्टरामागे जी प्रोत्साहनाची रक्कम देतं, तिला आमच्याकडे सगळे बोनस म्हणतात. ती कुणाला मिळाली, किती मिळाली आणि कोणत्या जमिनीसाठी मिळाली, हे गावाला दिसलं पाहिजे, असा ठराव आमच्या सरपंच अंजूताईंनी मांडला होता आणि पाळलाही होता. नाव, गट क्रमांक, क्षेत्र, रक्कम. सगळं टंकलेलं, शिक्का मारलेलं. अडचण एवढीच की आमच्या गावात जमिनीला गट क्रमांकानं कुणी ओळखत नाही.

साकोलीहून नागझिऱ्याच्या बाजूला निघालं की आमचं गाव लागतं. वर तलाव, तलावाची पाळ, आणि पाळीखाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारही बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. प्रत्येक बांधीला नाव आहे. जांभळीची बांधी, जिथली जांभूळ कधीच पडली. वाघपांदणीची बांधी. लग्नाची बांधी, कुणाच्या तरी आजीच्या लग्नाच्या वेळी विकलेली. काही बांध्यांना माणसाचं नाव असतं, पण ते मालकाचंच असेल असं नाही. ज्याचे पाय त्या चिखलात वर्षानुवर्षं दिसतात, त्याचं नाव बांधीला लागतं. ते कुणी ठेवत नाही. बोलता बोलता लागतं.

मी गावच्या शाळेतूनच निवृत्त झालो. आता रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात मुलांना जमवतो. हल्लीच्या शिक्षिका तृप्ती मॅडम किल्ली माझ्याजवळच ठेवतात आणि त्यांना सवड असली की त्याही येऊन बसतात. अभ्यासक्रम असा काही नाही. मुलं जे विचारतील तो त्या दिवसाचा धडा.

त्या रविवारी सातवीतल्या नीतूनं विचारलं, "गुरुजी, गट नंबर मंजे काय?"

"काहून विचारतेस?"

"माहा बाप यादी पाहून आला. मंते, सारे नंबरच नंबर हायेत, वावर कुठंच नाही."

सगळी मुलं हसली. मला मात्र प्रश्न फार आवडला. यादी आहे पण वावर नाही, हे एवढ्या नेमकेपणानं मला सांगता आलं नसतं.

मग आम्ही ठरवलं की वावर आणायचं. तलाठ्यांकडून गावाच्या नकाशाची प्रत मिळाली. तृप्ती मॅडमनी तिच्यावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या आणि तशाच मोठ्या चौकटी शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर आखून दिल्या. लहान चौकटीत जी रेघ जिथून जाते, ती मोठ्या चौकटीत तिथूनच न्यायची. मुलांना त्याचं इतकं वेड लागलं की मधल्या सुट्टीतही भिंतीसमोर गर्दी असायची. नकाशा उतरला. तलाव निळा झाला. प्रत्येक तुकड्यात गट क्रमांक लिहून झाला. मग मी घरचा अभ्यास दिला: आपल्या घरच्या मोठ्या माणसांना विचारून या, कोणत्या तुकड्याला काय म्हणतात.

दुसऱ्या रविवारी काय गोंधळ! विक्की दोन नावं घेऊन आला.

"आजा मंते भुताची बांधी, आजी मंते नाही, मोहाची. दोघं रातभर भांडले. आजी मंते, भूत तं तुहा बापच होता."

"मग काय लिहायचं?"

"दोन्ही लिवा गुरुजी. नाहीतर मले घरात नाही घेणार."

दोन्ही लिहिली. अशी सगळ्या भिंतीवर नावं चढली. तलावाखालच्या पहिल्या मोठ्या तुकड्याचं नाव निकेशनं आणलं. निकेश हा कृष्णरावांचा नातू. त्याचे आई-वडील जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतात, आणि हा आजी-आजोबांजवळ. त्याच्याच हातानं, त्याच्याच वळणदार अक्षरात त्या तुकड्यात नाव लिहिलं गेलं: तुलारामची बांधी.

त्यात कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. ती तुलारामचीच बांधी होती. तुलाराम म्हणजे नीतूचा बाप. ढिवर माणूस, तलावात मासे धरणारा. आणि कित्येक वर्षं कृष्णरावांची ती बांधी बटईनं करणारा. जमीन कृष्णरावांची, कष्ट तुलाराम आणि त्याची बायको जिजा यांचे, पिकलेलं धान अर्धं-अर्धं. या अर्ध्या धानावर त्यांच्या घरची चूल वर्षभर चालते. मासे काय, उन्हाळ्यात पाणी आटलं की जाळं कोरडंच असतं.

शेवटचं काम रंगाचं होतं. यादीत ज्या गटाला बोनस मिळाला असेल, तो तुकडा पिवळा करायचा आणि त्याच्या कडेला रक्कम घेणाऱ्याचं नाव लिहायचं. एक मूल यादी वाचायचं, दुसरं भिंतीवर बोट ठेवायचं, तिसरं रंगवायचं. बघता बघता भिंत मोहरीच्या फुलांसारखी झाली.

संध्याकाळी तलावावरून येणारं जाणारं तिथं थांबू लागलं. ज्यांना फळ्यावरचं काही समजलं नव्हतं, त्यांना भिंतीवरचं सगळं समजलं. कुणी म्हणे, "अरे, लग्नाच्या बांधीत तं दोन वर्षं झाली, घर बांधलं! तिले कसा बोनस?" तो मालक दुसऱ्याच दिवशी स्वतःहून पंचायतीत जाऊन चूक दुरुस्त करतो म्हणाला. कुणी आपलीच बांधी पांढरी पाहून चकित झालं, कारण खरेदी केंद्रावर नोंदणीच राहून गेली होती. अंजूताई रोज येऊन लोकांचं म्हणणं लिहून घेऊ लागल्या. मी दुरून पाहायचो आणि मुलांना म्हणायचो, "बघा, तुमचं अक्षर किती लोक वाचून राहिले."

जिजा आली ती डोक्यावर टोपली घेऊन. नीतूनं तिला हाताला धरून भिंतीसमोर नेलं.

"आई, हे पाह्य, आपली बांधी."

जिजा हसली. नवऱ्याचं नाव लेकीच्या शाळेच्या भिंतीवर, तिला बरं वाटलं असणार. मग तिनं विचारलं, "पिवळी काहून हाये?"

"बोनस आला ना."

"कोणाले?"

नीतूनं कडेचं नाव वाचलं. कृष्णराव.

जिजानं टोपली खाली ठेवली. मागून तुलाराम सायकल ढकलत येत होता. ती त्याला म्हणाली, "आपल्या बांधीले बोनस आला मंते. तुमाले मालूम होतं?"

"मालूम काय, जमीन त्याची, त्याले येईलच."

"धान कोणं पिकवलं?"

"जिजा, चाल घरी."

"मागून नाही राहिली. इचारून राहिली."

"इचारलं मंजे मागतलंच," तुलाराम हळू आवाजात म्हणाला. "मृगाच्या आधी बोल व्हायचा हाये. उगा तोंड उघडलं तं बांधी जाईन."

बोल म्हणजे बटईचा करार. तो दरवर्षी जून लागायच्या आधी होतो, तोंडीच होतो, आणि त्याचा कागद कधीही होत नाही. का होत नाही, ते मला दुसऱ्याच दिवशी सकाळी नीट समजावून घ्यावं लागलं.

सकाळी रविवारची मुलं जमली होती, तेव्हा कृष्णराव शाळेत आले. पांढरं धोतर, हातात काठी, आणि चेहरा रागापेक्षा घाबरलेला. माझ्या बरोबरीचा माणूस. आम्ही लहानपणी एकाच तलावात पोहलेलो.

"गुरुजी, हे कोणं लिवलं?"

"मुलांनी."

"पोराइले कोणं सांगतलं?"

निकेश तिथंच होता. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, "आजीनं."

आजी, म्हणजे रुखमाबाई, नवऱ्याच्या मागोमाग आल्याच होत्या. "हो, मी सांगतलं," त्या म्हणाल्या. "पोरगा इचारे, तलावाखालच्या मोठ्या बांधीचं नाव काय? मंग काय सांगू? तुमीच तं रोज मंता, तुलारामच्या बांधीचा धुरा फुटला काय पाह्यजो मून."

"बोलणं येगळं, भितीवर लिवणं येगळं!" कृष्णराव ओरडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, पोराइले शिकवा, हजार येळा शिकवा. पण माह्या वावरात कूळ नोका लावू."

आता सगळा उलगडा झाला. जुन्या कुळकायद्याची भीती आमच्या भागात अजून घराघरांत आहे. दुसऱ्याची जमीन कुणी लेखी पुराव्यानं बरीच वर्षं कसत आला, तर तो कूळ म्हणून तिच्यावर हक्क सांगेल, अशी ती भीती. कृष्णरावांच्या चुलत्याची जमीन तशीच गेली होती म्हणतात. म्हणून बटईचा कागद नाही, साक्षीदार नाही, काही नाही. आणि इथं तर त्यांच्याच नातवानं त्यांच्याच जमिनीवर, रस्त्याकडच्या भिंतीवर, रंगानं दुसऱ्याचं नाव लिहून ठेवलं होतं.

"उद्या कोणं फोटो काढून कोर्टात दाखवला तं? सरकारी शाळेची भीत हाये हे!"

"कृष्णा, शाळेच्या भिंतीवरून कुणाचं कूळ लागत नाही रे."

"तुमी वकील हा काय? पुसा ते."

"पुसणं माझ्या हातात नाही. यादी गावाला दिसावी हा ठराव ग्रामसभेचा आहे. एक तारखेला सभा आहे, तिथं सांग."

"सांगीन. आन् तोवर हेही ऐका. यंदा ती बांधी मी टॅक्टरवाल्याले देतो. तुलारामले सांगजा."

ते गेले. रुखमाबाई जाताना एकदा मागं वळून पाहत गेल्या.

नीतू भिंतीला पाठ लावून उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, आमच्यामुळं बांधी गेली का?"

मुलांना खोटा दिलासा देऊ नये, असं मला वाटतं. त्यांना तो लगेच ओळखता येतो. मी म्हणालो, "अजून गेली नाही. जाऊही शकते."

"मंग आपण खोटं लिवलं का?"

"नाही. खरं लिहिलं."

"खरं लिवून बांधी जाते तं खरं कायले लिवायचं?" हे निकेशनं विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. नीतू त्याच्याच वर्गातली.

मी त्याला जवळ बसवून म्हणालो, "खरं लिहिलं की काहीतरी हलतं. ते कुणीकडं पडेल हे आधी कळत नाही. म्हणून खरं लिहिणाऱ्यानं लिहून पळून जायचं नसतं. शेवटपर्यंत तिथं उभं राहायचं असतं. एक तारखेला आपण सगळे सभेला यायचं."

"आमाले बोलू देतील?"

"तुम्ही बोलायचं नाही. फक्त यायचं."

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा शाळेच्याच पटांगणात भरली, मंडप घालून, भिंतीच्या समोर. एरवी सभेला गणपूर्ती होत नाही. त्या दिवशी बायकाही आल्या होत्या, आणि मुलं पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती. झेंडावंदन झालं, अहवाल वाचून झाले, आणि अंजूताई म्हणाल्या, "कृष्णरावभाऊंचं काही म्हणणं आहे."

कृष्णराव उभे राहिले. "माहं एकच मणणं. ते नाव पुसा."

मंडपात कुजबुज झाली. दादाजी नावाचे एक शेतकरी मागून म्हणाले, "माह्या बांधीवरचंही पुसा मंग. तिथं भैयाजीचं नाव लिवलं हाये." त्यांनीही बांधी बटईनं दिलेली होती. आणखी एक-दोघांनी माना हलवल्या. मला वाटलं, आता सगळी भिंत पांढरी होणार.

मग बायकांतून जिजा उठली. तुलाराम पुरुषांत बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"पुसा," जिजा म्हणाली.

सभा चमकली. कृष्णरावही.

"पुसा जी भाऊ. मले त्या नावाचं काही नाही. पण पुसून तिथं काय लिवता ते सांगा. कृष्णरावची बांधी? तुमच्या तं साऱ्याच बांध्या कृष्णरावच्या. पाणी कोणत्या बांधीत सोडाचं हे सांगतानी लोक काय मनतील?"

लोक हसले. एका म्हातारीनं मागून टोला दिला, "मोठ्या कृष्णरावची आन् लहान कृष्णरावची मनतील!" कृष्णरावांच्या मिशीतही काहीतरी हललं, पण ते हसले नाहीत.

जिजा मात्र हसत नव्हती. "दुसरी गोष्ट. आमी कूळ नाही मागत. हे लिवून घ्या, सरपंचबाई, आत्ताच लिवून घ्या. माही सही घ्या, माह्या नवऱ्याची घ्या. जमीन भाऊची हाये, भाऊचीच राहीन. आमाले दुसऱ्याचं वावर नाही पाह्यजे."

"मंग झालंच," कृष्णराव म्हणाले.

"नाही झालं. तिसरी गोष्ट हाये." तिनं पदर खांद्यावर ओढला. "भाऊ, मागच्या साली तुडतुडा पडला. औषधाचा खर्च किती आला, खळ्यावर बसून तुमी मोठ्यानं सांगतलं, अर्धा आमच्यावर टाकला. आमी नाही मनलं काय? नाही मनलं. धान वाटलं तेही मोठ्यानं. तणस वाटली तेही. कोंडासुद्धा वाटला, सारे पाहून राहिले. खळ्यावर आमच्यापासून तुमी कधी काही नाही लपवलं, खरं बोलतो. मंग बोनसच काहून खळ्यावर नाही सांगतला?"

"बोनस खळ्यावर येते काय?" कृष्णराव म्हणाले. "तो बँकेत येते. धान गेल्यावर महिन्या-महिन्यानं येते."

"मूनच तं," जिजा म्हणाली आणि खाली बसली.

मी कृष्णरावांकडे पाहत होतो. लबाड माणसाचा चेहरा पकडला गेल्यावर जसा होतो, तसा त्यांचा नव्हता. हिशोबातली एक ओळ आपल्याकडून लिहायचीच राहिली, हे कळल्यावर होतो, तसा होता. आमच्याकडे वाटणीचा सगळा न्याय खळ्यावर होतो. जे खळ्यावर आलं ते वाटायचं, एवढंच सगळ्यांना माहीत. खळ्यावर न येणाऱ्या गोष्टीचं काय करायचं, ते कुणी कधी ठरवलंच नव्हतं. त्यांनी खरंच तसा विचार केलेला नसावा.

ग्रामसेवकांनी नियम समजावून सांगितला. बोनस ज्याच्या नावे सातबारा आणि नोंदणी, त्याच्या खात्यात जातो. सरकारच्या दृष्टीनं तो कृष्णरावांचाच. पंचायत त्यात काही करू शकत नाही.

"आईकलं?" दादाजी म्हणाले.

"आईकलं," जिजा बसल्या बसल्या म्हणाली. "सरकारचा नियम सरकारनं सांगतला. गावाचा कोण सांगीन?"

त्यावर अंजूताईंनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी बोनसचा विषय बाजूला ठेवला आणि फक्त नकाशाचा ठराव मांडला. भिंतीवरची नावं ही गावाच्या बोलण्यातली नावं आहेत, त्यावरून कुणालाही जमिनीवर कोणताही हक्क मिळत नाही, आणि ज्या जमीनमालकाला नाव नको असेल त्यानं सांगावं, तिथं फक्त गट क्रमांक राहील. ठराव लिहिला गेला. तुलाराम उठून पुढे गेला आणि त्यानं सर्वांदेखत सही केली. जिजानंही केली. मुली तिच्या सहीकडे मान लांब करून पाहत होत्या.

"बोला भाऊ," अंजूताई म्हणाल्या, "नाव ठेवायचं की काढायचं?"

दादाजींनी लगेच आपल्या बांधीवरचं नाव काढायला सांगितलं. भैयाजी सभेला आलाच नव्हता. सगळे कृष्णरावांकडे पाहू लागले. ते काठी टेकून उठले, भिंतीजवळ गेले, नातवानं लिहिलेलं नाव जवळून पाहिलं. मग "मंग सांगतो" एवढंच म्हणून सभेतून निघून गेले.

पुढचे दिवस कठीण गेले. बोल झाला नाही. ट्रॅक्टरवाला कृष्णरावांच्या घरी येऊन गेल्याचं कळलं. नीतू रविवारी आली, पण काही विचारलं नाही. आणि तिनं काही विचारलं नाही म्हणून दुसऱ्याही कुणी विचारलं नाही. मी त्यांना तलावातल्या पाणपक्ष्यांबद्दल सांगितलं. त्यांचं लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं.

मग एके दिवशी सकाळी रुखमाबाई माझ्या अंगणात येऊन बसल्या. "गुरुजी, तुमी आमच्या घरी चाला."

"काय झालं?"

"काही नाही झालं, तेच तं झालं. हे जेवत नाही नीट. पोरगा आजाशी बोलत नाही. काल रातच्याले इचारे, आबाजी, बोनस आला तवा तुमी मले सायकल आणली ना? ते सायकल मंग अर्धी नीतूची हाये काय?" त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. "मी मनलं, आता गुरुजीले आणतो."

"मी काय बोलू? त्याचा निर्णय आहे."

"बोलू नोका. त्याइले तुलारामच्या घरी जायाचं हाये, पण एकट्यानं जायाची लाज वाटते. तुमी फक्त संगं चाला."

असे आम्ही तिघं ढिवर मोहल्ल्यात गेलो. तुलाराम ओट्यावर जाळं विणत बसला होता. तो गडबडून उठला. जिजानं चटई टाकली, पाणी आणलं. कृष्णराव पाणी प्यायले, गडवा खाली ठेवला, आणि जाळ्याकडे पाहत म्हणाले,

"टॅक्टरवाल्याले पाठवून देलं वापस."

कृष्णरावांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"त्याले बांधीच्या कोपऱ्यातून वळतच नाही येत. धुरा तोडा मंते. तोडा! माह्या बापानं घातलेला धुरा." मग म्हणाले, "तुमीच करा. आन् यंदा बोनस आला तं तो खळ्यावर आला असं समजू. अर्धा तुमचा."

तुलारामनं हात जोडायला घेतले. जिजानं त्याच्या हातावर हलकेच मारलं.

"आन् मागचा?" ती म्हणाली.

"मागचा सरला ना वो! पोराची सायकल घेतली, छपरीची टिनं बदलली. आता कुठून आणू?"

"मागचा नाही मागत. पण मागच्या औषधाचा आमचा अर्धा वापस द्या. बोनस तुमाले भेटला, तुडतुडा तेवढा आमाले भेटला. हे काही बराबर नाही."

कृष्णरावांनी रुखमाबाईंकडे पाहिलं. रुखमाबाई छपराच्या कवेलूकडे पाहत बसल्या. मग कृष्णरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी गडव्यातलं पाणी पिऊ लागलो.

"लय कठीण बाई हाये गा तुही," ते तुलारामला म्हणाले.

"मले मालूम हाये जी," तुलाराम म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. जिजाही.

औषधाचे पैसे द्यायचं ठरलं. बोलही झाला. कागद नव्हता, पण या वेळी माझ्यासारखा एक माणूस तिथं बसलेला होता, आणि दारात नीतू उभी राहून सगळं ऐकत होती. जाताना कृष्णराव तिला म्हणाले, "तुह्या बापाचं नाव राहू दे भितीवर. अक्षर चांगलं हाये आमच्या पोराचं."

सगळ्यांचं असं झालं नाही. दादाजींनी भैयाजीची बांधी यंदा दुसऱ्याला दिली, आणि भैयाजी आता गावाबाहेर मजुरीला जातो. भिंतीवर त्याच्या जागी नुसता गट क्रमांक आहे. पण आणखी दोन घरांत मालकांनी आणि बटईदारांनी बोनसची वाटणी आधीच बोलून घेतली, असं मला कळलं. पुढच्या सभेत अंजूताई सिंचनाच्या पाइपांच्या अनुदानाची यादी आणणार आहेत, आणि मुलांनी हिरवा रंग आणायला पैसेही जमवलेत.

बोल झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत मी पाळीवर फिरायला गेलो होतो. खाली तुलाराम कुदळ घेऊन बांधीतल्या उंदरांची बिळं बुजवत होता. जिजा मातीची घमेली आणून टाकत होती. धानाच्या रोपांचे परहे टाकायला अजून महिना होता, पण बांधी आपल्याकडे आहे म्हटल्यावर त्यांना घरी बसवत नव्हतं.